गणपूर्ती आणि चढ

अधीक्षकांची गाडी चढ चढत नव्हती. ही बाब गंभीर होती, कारण अधीक्षकांचं घर चढाच्या खाली होतं आणि त्यांचा आवक-जावक विभाग चढाच्या वर. रोज सकाळी गाडी मध्यावर धापा टाकू लागायची आणि कुणीतरी उतरणं आवश्यक आहे, असं सर्वानुमते ठरायचं. सासऱ्यांचे गुडघे दुखायचे. मेहुण्याची पाठ धरलेली असायची. अधीक्षक स्वतः गाडी चालवत असल्यामुळे त्यांनी उतरणं प्रशासकीयदृष्ट्या गैरसोयीचं होतं. उरल्या त्यांच्या पत्नी. त्या वरच्या शाळेत गणित शिकवायच्या. त्या वह्यांचा गठ्ठा उचलून उतरायच्या आणि बऱ्याचदा गाडीच्या आधी वर पोचायच्या.

सासरे वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला जात. मेहुणा कुठे जातो हे कधीच स्पष्ट झालं नव्हतं, पण जायचा मात्र अगदी नेमाने.

एका शनिवारी बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "सोमवारपासून मी शेजारच्या दंतवैद्यांच्या गाडीतून जाणार. ते बसवतात, उतरवत नाहीत."

शेजारच्या सीटवर बायको नाही आणि मागे सासरे-मेहुणे आहेत, असा संसार अधीक्षकांनी कधी कल्पिला नव्हता. तिला परत आणायचंच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

मेहुण्याने उपाय सुचवला, रिमॅपिंग. आजकालच्या इंजिनाला एक छोटा संगणक असतो. त्यातल्या सूचना बदलल्या की तेच इंजिन जास्त जोर लावतं, असं त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. रिमॅपवाला घरी आला, त्याने लॅपटॉप उघडला आणि एकच प्रश्न विचारला: जोर वाढवू, मायलेज वाढवू, की मधलं काही करू?

अधीक्षकांनी उभ्या नोकरीत कोणत्याही प्रश्नाला एकट्याने उत्तर दिलेलं नव्हतं. त्यांनी समिती नेमली. अध्यक्ष स्वतः, अनुभवी सदस्य सासरे, तज्ज्ञ सदस्य मेहुणा आणि निष्पक्ष सदस्य दंतवैद्य. दंतवैद्य समितीत अडकले की त्यांची गाडी घरीच राहील, हा अध्यक्षांचा धोरणीपणा होता. बाईंना घेतलं नाही. त्यांचा प्रकरणात हितसंबंध होता.

सासरे निवृत्त लेखापरीक्षक असल्याने मायलेजच्या बाजूचे होते. मेहुण्याला जोर हवा होता आणि जोराबरोबर आवाजही. दंतवैद्यांचं म्हणणं पडलं की आधी आतून फोटो काढावा, बाहेरून सगळीच इंजिनं निरोगी दिसतात. शेवटी सासऱ्यांनी सुवर्णमध्य काढला. जोर वाढवावा, मात्र वाढलेला जोर समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय वापरू नये. अशी सूचना संगणकाला देता येत नाही, असं रिमॅपवाला म्हणाला, तेव्हा त्याच्या पात्रतेबद्दल शंका नोंदवण्यात आली आणि प्रत्यक्ष स्थळपाहणीचा ठराव झाला.

पाहणीला गणपूर्ती हवी, म्हणून सगळे सदस्य गाडीत बसले. रिमॅपवाला निमंत्रित म्हणून मध्ये बसला. वर पोचल्यावर बैठक घ्यायची असल्याने अध्यक्षांची शिसवी खुर्ची डिकीत कोंबली. आजवर मध्यापर्यंत जाणारी गाडी आता पायथ्यालाच बसली. परिस्थिती झपाट्याने खालावत आहे, असा निष्कर्ष निघाला आणि रिमॅपिंगची निकड सिद्ध झाली.

सोमवारी पुन्हा पाहणी, पुन्हा पायथा. दंतवैद्य समितीच्या कामात असल्याने बाई वह्या घेऊन पायीच निघाल्या होत्या. गाडी बंद पडली तेव्हा त्या खिडकीशी पोचल्या. अधीक्षकांनी सवयीने काच खाली केली.

"अगं, तू जरा उतरतेस का?"

"अहो, मी बसलेलीच नाही."

यावर काय करायचं, हा नवाच मुद्दा होता. समिती चर्चेसाठी खाली उतरली. डिकीतून खुर्ची काढली, झाडाखाली ठेवली, अध्यक्ष तीत बसले. सासऱ्यांचे गुडघे आणि मेहुण्याची पाठ सावलीत बरी वाटू लागली. बाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, वह्या शेजारच्या सीटवर ठेवल्या, किल्ली फिरवली आणि गाडी वर नेली. गाडी कुठेही अडली नाही, धापही लागली नाही.



"मग मी जाऊ?" रिमॅपवाल्याने विचारलं.

"थांबा," सासरे म्हणाले. "जावईबापू, गणपूर्ती नव्हती. ही चढाई ग्राह्य धरता येणार नाही."

मेहुण्याने दुजोरा दिला. ताई एकटीच होती, एकट्या माणसाला घेऊन कुठलीही गाडी चढते; भावोजींनी खरा विचार सगळ्यांचा करायला हवा. दंतवैद्यांनी मान डोलावली. इंजिनाचा जोर जितका वाढेल तितका वाढवावा आणि तो पुरतो का हे पाहण्यासाठी समिती कायमस्वरूपी गाडीतच ठेवावी, असा ठराव मंजूर झाला.

वरून हॉर्न वाजला. बाई शाळेच्या दाराशी थांबून हात करत होत्या, चालत या म्हणून. अधीक्षकांना क्षणभर मनापासून वाटलं की उठावं आणि जावं, सगळा चढ मिळून कितीसा होता! पण खुर्ची एवढ्या कष्टाने आणलेली होती. ते बसून राहिले. बाईंनी आणखी एकदा हॉर्न दिला, मग तास सुरू झाला.

तुम्ही हसलात, ठीकच आहे. कोणी उतरायला हवं होतं हे तुम्हाला पहिल्या परिच्छेदातच कळलं होतं, तेही ठीक. तुमच्या घरासमोरही एखादा चढ असेलच. तिथे रोज कोण उतरतं, तेवढं आठवून बघा.

आणि हो, तुमचे गुडघे कसे आहेत?