इब्राहीमभाईंची बोलण्याची वही

इब्राहीमभाईंशी बोलायला सुरुवात केली की आपल्या पहिल्याच वाक्याच्या मध्यावर त्यांचा उजवा तळवा वर होतो. चौकातल्या पोलिसासारखा. "थांबा. वही." मग खिशातून चष्मा निघतो, कानामागून पेन्सिल, खणातून लांबट लाल कापडी वही. तारीख पडते, वेळ पडते, आणि मान वर होते. "हां, बोला आता. हवेत नको." तोवर समोरचा माणूस काय सांगायला आला होता ते निम्मं विसरलेला असतो.

ते घरांचे नकाशे काढतात. वीस वर्षं मस्कतला एका कंत्राटदाराकडे ड्राफ्ट्समन होते. परत आल्यावर त्यांनी कुणाचीच नोकरी धरली नाही. रत्नागिरीच्या बाजारात, एका बेकरीच्या वर, आमची एक खोली आहे. तिच्यात दोन टेबलं. एक त्यांचं, एक माझं. मी भाषांतरं करतो. पाण्याच्या पंपाची माहितीपत्रकं, कारखान्यांचे नियम, कधी एखादं औषधाचं चिठोरं. आम्ही दोघंही कुणाचे नोकर नाही. म्हणजे जो फोन करील त्याचे नोकर.

त्यांची बहुतेक गिऱ्हाइकं आखातात. मालक दोहाला, बायको माहेरी खेडला, आई इथे जुन्या घरात, आणि नवं घर या तिघांच्या मनात तीन तऱ्हेचं. तिघंही इब्राहीमभाईंना वेगवेगळा फोन करतात आणि प्रत्येक जण शेवटी म्हणतो, "हे घरी सांगू नका." त्यातून मग ही वही आली. तिच्यात चार रकाने: कोण, केव्हा, काय, आणि सूर. चौथा रकाना त्यांचा स्वतःचा शोध. "आगाशे, माणूस हो म्हणतो त्याला काही अर्थ नाही. कसा म्हणतो ते लिहून ठेवायला हवं." त्या रकान्यात मी स्वतः वाचलेल्या नोंदी अशा: 'होकार, पण कुणीतरी शेजारी उभं असताना दिलेला.' 'हसला. हसू घराबद्दल नव्हतं.' एकाने अकरा मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला होता. तो त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकला आणि लिहिलं: 'घराबद्दल दोन मिनिटं. बाकी आठवण.'

लिहून झालं की सुटका नाही. "एकदा वाचून दाखवतो," असं म्हणून ते सगळं परत ऐकवणार. एकदा मासेवाली शेवंता जिन्याखालून ओरडली, "भाई, सांच्याला सुरमई आणतंय!" हे वही घेऊन खाली गेले आणि तिला वाचून दाखवलं. 'शेवंता. सकाळी दहा वीस. संध्याकाळी सुरमई आणणार. सूर: मोघम.' शेवंता पाटी खाली ठेवून म्हणाली, "मेल्या, दर्यातली सुरमई काय तुझी वही वाचून जाळ्यात येते?" त्या संध्याकाळी ती आलीच नाही. इब्राहीमभाईंनी माझ्यापुढे वही धरली आणि 'मोघम' या शब्दाखाली समाधानाने रेघ ओढली.

खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाळं विणायची निळी दोरी ताणलेली. तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेली कार्डं. एक घर, एक कार्ड. दोरीला पाच गाठी: बोलणं, नकाशा, होकार, बांधकाम, चावी. घर पुढे सरकलं की कार्ड पुढच्या गाठीपाशी. बायको ठरवते त्या घराचं कार्ड पिवळं, आई ठरवते त्याचं हिरवं. ज्या घरात कुणीच काही ठरवत नाही त्याचं गुलाबी, आणि गुलाबी कार्डं वर्ष-वर्ष पहिल्या गाठीला लोंबत असायची. या कार्डांपायी आमच्याकडे पंखा एकच्या पुढे कधी गेला नाही. मे महिन्यात मी घामाने निथळत पंपाचं भाषांतर करायचो आणि ते म्हणायचे, "सहन करा. तिसऱ्या गाठीला वारा लागला तर एका कुटुंबाचा होकार उडेल."

मी मनातून हसायचो. माझं काम डोक्यात असतं. कुणाला काय कधी द्यायचं ते मी कधी लिहीत नाही आणि याचा मला, खरं सांगतो, थोडा गर्व होता. पुढचं मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. आता लिहितो आहे तर लिहून टाकतो.

दुपारच्या नमाजाला जाताना इब्राहीमभाई फोन टेबलावर ठेवून जातात. "तिथे वाजला तर अल्लाशी बोलणं तोडून गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं होतं." मला एवढंच सांगणं असायचं, की फोन आला तर वहीत लिहा. तारीख, वेळ, शब्द, सूर. एका दुपारी दोहाहून रशीदचा फोन आला. त्याचं घर पावसच्या रस्त्याला व्हायचं होतं, कार्ड दुसऱ्या गाठीवर होतं. मागे यंत्रांची घरघर. मी 'हॅलो' म्हणायच्या आत तो सुरू झाला, इब्राहीमभाईच आहेत असं समजून. "भाई, सुट्टी संपतेय जेवणाची, पटकन सांगतो. अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होणार नाही, डॉक्टर नको म्हणाले. तिची खोली वर नको. खाली घ्या, न्हाणीला लागून. जिना तिच्या नशिबी नको, भाई." मी "बरं, बरं" म्हटलं. फोन बंद झाला.

मी पंपाच्या माहितीपत्रकातल्या एका लांब वाक्याच्या मध्ये होतो. म्हटलं, हे वाक्य संपवतो आणि लिहितो. वाक्य संपलं. पुढचं सुरू झालं.

पुढे घराचा वरचा स्लॅब टाकून झाला, आणि रशीद रजेवर आला. तो घर बघून तडक आमच्या खोलीवर आला, चपलाही न काढता. "भाई, अम्मीची खोली वर? मी फोन करून सांगितलं होतं."

तळवा वर झाला. वही निघाली. पानं उलटली. "नाही रशीद. सांगितलं असतंस तर इथे असतं."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"मी असं म्हणत नाही. वही म्हणते."

रशीदने फोन काढून त्या दिवसाचा कॉल दाखवला. तारीख होती, वेळ दिसत नव्हती. एक मिनिट. इब्राहीमभाईंचा नंबर. इब्राहीमभाईंनी फोन हातात घेतला, वही शेजारी ठेवली, आणि कितीतरी वेळ एकदा याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आगाशे, मी नमाजला गेलो असताना आला होता का हा फोन?"

मला त्या क्षणी सगळं आठवलं. यंत्रांची घरघरसुद्धा. आणि मी म्हटलं, "मला नाही बुवा आठवत."

"मग नाही आला," इब्राहीमभाई रशीदला म्हणाले. "म्हणजे मीच उचलला. मीच बोललो तुझ्याशी. आणि मी विसरलो."

रशीद बडबडत निघून गेला. घर पुरं झालं तेव्हा अम्मीचा पलंग पुढच्या बैठकीत पडद्याआड लागला. मला वाटलं, चार दिवसांनी विसरतील सगळे. पण इब्राहीमभाईंना त्या दिवसापासून चैन पडेना. एका वहीच्या दोन वह्या झाल्या. एकीतलं दुसरीत उतरवायचं आणि मग दोन्ही ताडून बघायच्या. गिऱ्हाइकाला दोनदा वाचून दाखवायचे, मग घरी पोचल्यावर फोन करून तिसऱ्यांदा. जिना उतरून परत वर यायचे, कुलूप बघायला. मग कुलूप बघितलं का ते बघायला.

एकदा चहा पिताना म्हणाले, "आमच्या अब्बांचं असंच सुरू झालं. आधी निरोप विसरायचे. मग माणसं. शेवटी स्वतःच्या अंगणात उभं राहून मला विचारायचे, 'भाऊ, इब्राहीमचं घर कुठलं ओ?' मी म्हणायचो, हेच. ते म्हणायचे, छे, त्याचं घर मोठं आहे." ते हसले. मीही हसलो. सांगायची ती वेळ होती. मी बशीत चहा ओतून घेतला.

मग दोरी रिकामी व्हायला लागली. रोज एखादं कार्ड काढून ते माळनाक्याच्या एका तरुण इंजिनीअरकडे पाठवायचे. "त्याच्याकडे सुखरूप राहील. माझा आता भरवसा नाही." तीन महिन्यांत निळ्या दोरीवर चारच कार्डं उरली, त्यातली तीन गुलाबी. पंखा आता तीनवर चालायचा. मला गार वाऱ्यात घाम फुटायचा.

एका सोमवारी सकाळी त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. स्वच्छ अक्षर, आकडे घातलेले. "एकदा वाचून दाखवतो," म्हणाले आणि वाचायला लागले. "एक. इब्राहीम रस्त्यात भांबावलेला दिसल्यास त्याला राजिवड्याला, खाडीकडच्या निळ्या दाराच्या घरी सोडावे. दोन. तो ओळख विसरल्यास रागावू नये. तीन. मुलगी चिपळूणला दिलेली आहे, तिला लगेच कळवू नये, घाबरते. चार. घरी दुसरे कुणी नाही. वरील सर्व आगाशे यांनी पाहावे." कागदाच्या तळाशी माझ्या सहीसाठी रेघ आखलेली होती.

"मी?" मी म्हटलं.

"मग कोण? तुम्ही सांगितलंत फोन आला नाही, म्हणून तर मला माझं दुखणं कळलं. तुमच्याइतका खरा माणूस मला दुसरा नाही."

पेन माझ्या हातात होतं. ते मी खाली ठेवलं आणि सांगितलं. सगळं. पंपाचं वाक्यही. मान वर न करता बोललो, आणि बोलून झाल्यावर पंख्याचा आवाज फार मोठा वाटायला लागला.

तळवा वर झाला नाही. त्यांनी सावकाश जुनी वही काढली, ते पान शोधलं, पेन्सिलीला टोक केलं. "वेळ?"

"दीडच्या सुमारास."

"शब्द?"

मी सांगितले. त्यांनी लिहिले.

"सूर?"

"घाईचा," मी म्हटलं. "आणि विनवणीचा."

तेवढं लिहून त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "तीन महिने, आगाशे. रोज सकाळी डोळे उघडले की आधी नावं म्हणून बघतो. अब्बांचं, अम्मीचं, बायकोचं. ती सहा वर्षांपूर्वी गेली. तिचं नाव आलं की मगच बिछान्यातून उठतो. तीन महिने." आणि टोपी घालून ते निघून गेले.

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. यायचे, बसायचे, काम करायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, "रशीदला फोन लावा. तुमच्या तोंडाने सांगा. मी सांगितलं तर सूर चुकेल." मी लावला. रशीदने मला जे ऐकवलं ते कुठल्याही वहीत मावलं नसतं. इब्राहीमभाईंनी त्यातला एक शब्दही लिहून घेतला नाही, हा त्यांचा मोठेपणा. मग त्यांनी फोन घेतला आणि सांगितलं, की जेवणघर लहान करून न्हाणीला लागून खोली निघते, नकाशा संध्याकाळी पाठवतो. महिन्याभरात भिंती उभ्या राहिल्या. अम्मीचा पलंग पडद्याआडून आत गेला.

मी म्हटलं, "भाई, मला माफ करा."

"हवेत नको," ते म्हणाले. "काम सांगतो, ते करा. रोज सकाळी आल्यावर मला विचारायचं, काल दुपारी काय जेवलात. मी सांगणार. वहीत न बघता."

"आता कशाला? तुम्हाला काही झालेलं नाही."

"नाही झालेलं. पण तीन महिने भीती राहिली घरात, ती एकदम कशी जाईल? आणि घरात विचारायला दुसरं कोण आहे?"

मी विचारायला लागलो. पहिल्या दिवशी म्हणाले, "मांदेलीचं कालवण, भात." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी, "डाळ, तळलेला बांगडा." मी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी सांगून झाल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. "बरोबर?"

"मला काय माहीत? मी कुठे होतो?"

"मग विचारून उपयोग काय?" ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. खाली शेवंता कुणाशीतरी भांडत होती. आम्ही दोघंही तिचं भांडण संपेपर्यंत ऐकत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी जेवायला निघाले तेव्हा मी माझा डबा घेऊन त्यांच्यामागे जिना उतरलो. त्यांनी वळून पाहिलं, काही विचारलं नाही, फक्त चालायचा वेग कमी केला. आता रोज जातो. ओट्याशी ते आपलं ताट वाढून घेतात, मी डबा उघडतो. आणि सकाळी मी प्रश्न विचारला की ते दोघांचंही सांगतात.

"मी बांगडा. तुम्ही पडवळ."

"बरोबर," मी म्हणतो.