नेहमीचे पंच

माझा खून झाल्यावर फिर्याद द्यायला मी स्वतःच पोलीस चौकीत गेलो, कारण जयवंतला तिथून परत पाठवलं होतं. आम्ही दोघांनी एका घरात अर्धं आयुष्य काढलं, पण हवालदार घोलपांनी त्याला विचारलं, "मयताचे तुम्ही कोण?" तो बिचारा गडबडून "मित्र" म्हणाला. मित्राचं इथे काय काम, नातेवाईक आणा, म्हणाले. माझे नातेवाईक मी जिवंत असतानाही येत नव्हते.

घोलपांनी मला बसायला सांगितलं. बाकावर आणखी दोन मयत होते. दोघेही माझ्यासारखेच, पुरुषांवर जीव लावणारे. दोघांचीही नोंद अकस्मात मृत्यू.

"कोणावर संशय?" घोलपांनी विचारलं.

"संशय कसला? ते काय, तुमच्या टेबलापाशी चहा पितायत ते."

चहाचा कप खाली ठेवून धायगुडे साहेबांनी मला नमस्कार केला.

"अहो, ते पंच आहेत!" घोलप म्हणाले. " तिघांच्याही पंचनाम्यावर त्यांचीच सही आहे. तुमच्यासारख्यांच्या घरी यायला चांगल्या घरचा माणूस तयार होत नाही. हे मात्र आम्ही पोचायच्या आत हजर."

"आधीच हजर असतात, याचं काही वाटत नाही तुम्हाला?"

"वाटतं ना. कौतुक वाटतं."

माझं डोकंच फिरलं. "अटक करा त्यांना!"

"पंचच आरोपी झाला तर पंचनामा बाद. पंचनामा बाद झाला तर तुम्ही मेलात याला पुरावा काय? आणि जिवंत माणसाच्या खुनाचा गुन्हा मी कसा दाखल करू?"

बाकावरच्या दोघांनी माना डोलावल्या. त्यांनाही हेच सांगितलं होतं.

तेवढ्यात धायगुडेंचा मोबाइल वाजला. "हो अनिरुद्ध, संध्याकाळी ये. कोकम सरबत करून ठेवतो." ते सरबत मी प्यायलो होतो. मी ओरडलो, "अहो, तो मरेल! त्याला निदान फोन तरी करा!"

"खून व्हायच्या आधी तक्रार घेता येत नाही."

मग आम्ही तिघांनी टेबल अडवलं. शिव्या दिल्या, पाया पडलो. आमचं जे झालं ते झालं, पण हा तरी वाचू दे मेला! शेवटी घोलप वैतागले. नंबर धायगुडे साहेबांनीच काढून दिला, जरासुद्धा आढेवेढे न घेता. घोलप व्हरांड्यात जाऊन बोलून आले. "झालं समाधान? बोललो त्याच्याशी."

मेल्यापासून पहिल्यांदाच मला बरं वाटलं.

सकाळी अनिरुद्ध चौकीत आला. तिशीतला, कडक इस्त्रीचा शर्ट, ओठ निळे पडलेले. मला रडूच फुटलं.

"अरे, तुला फोन आला नाही का?"

"आला ना," तो म्हणाला. "मी तर भीतीने जाणारच नव्हतो. पण हवालदार साहेब म्हणाले, धायगुडे साहेबांची हमी मी घेतो, बिनधास्त जा."