हत्तीतळं शर्यतीत उतरतं

यंदाच्या चांदेगाव शहर ट्रायथलॉनमध्ये हत्तीतळ्यानं स्वतः भाग घेतला. वयानं ते पंचावन्नच्या वरच्या गटात बसत होतं, म्हणून त्याला तिथं बसवलं. स्पर्धा समितीतल्या एका सभासदाला त्याच्याकडं जन्माचा दाखला मागावासा वाटला होता. पण त्या सभासदाची स्वतःचीच जन्मतारीख वादात असल्यानं तो गप्प बसला.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो कुसाताई बिडव्यांना. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाल्यापासून त्या दरसाल ह्या गटात पोहायच्या, सायकल हाणायच्या, धावायच्या आणि पहिल्या यायच्या. अडचण एवढीच, की गटात त्या एकट्याच असायच्या. त्यांची धाकटी जाऊ सोजरबाई पदकाकडं बघून म्हणायची, "एकटीनंच पळायचं आन् पहिलं यायचं. तसं तर घरात मीबी रोज पहिलीच उठते." आता मात्र गटात दोघं झाली होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी तळ्याच्या काठावर नेमगोंडा मास्तर लाउडस्पीकरवरून सूचना सांगत होते. आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं. प्रेक्षकांनी दोरीच्या आत येऊ नये. टाळ्या वाजवाव्यात, सल्ले देऊ नयेत. स्पर्धकांना पाणी द्यावं. स्पर्धकाचं पाणी घेऊ नये. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं, कारण गावात आठवडाभर नळ कोरडे होते आणि प्रेक्षकांच्या हातांत झेंडे कमी, घागरी जास्त दिसत होत्या.

"मास्तर," पंच म्हणाले, "तळं पोहणार कशात?"

"स्वतःत. दुसरं पाणी आहे कुठं गावात?"

"पण ते तर पलीकडच्या काठाला आधीच पोचलंय."

तळ्यानं खुलासा केला. "माझा शेवटचा थेंब त्या काठावर चढला, की माझं पोहणं झालं असं धरा."

हे न्यायाला धरून होतं. पंचांनी मान डोलावली.

"सराव कुठं करता, ताई?" तळ्यानं हळूच विचारलं.

"तुमच्यातच की."

"मग तुमचा डावा हात लवकर दमतो, हे मला ठाऊक आहे. आधीच सांगितलेलं बरं."

शर्यतीत कुसाताईंना आजवर कुणी धमकी म्हणून दिली नव्हती. काय गोड वाटलं त्यांना.

शिट्टी झाली. कुसाताई सपासप हात मारत बाहेर आल्या. त्यांच्यामागं तळंही स्वतःला आवरून काठावर चढलं. तळाशी गावाच्या तीन पिढ्यांच्या चपला उघड्या पडल्या. लोकांनी त्या ओळखल्या, पण मालकी कुणी सांगितली नाही.

सायकलीवर हेल्मेट सक्तीचं होतं. तळ्यानं ते उलटं घातलं, म्हणजे सांडायला नको. मासे पुढच्या जाळीत बसवले. उतारावर तळं पुढं, चढावर कुसाताई पुढं. आणि गाव दोन्ही बाजूंनी असं ओरडत होतं, की मास्तरांच्या लाउडस्पीकरला कुणी विचारेना.

धावायला उतरल्या तेव्हा कुसाताई चार पावलं पुढं होत्या. मागं तळ्याचा सपक सपक आवाज. तो ऐकून त्यांच्या पायांत वारं भरलं. पेठेच्या कोपऱ्यावर मात्र तो आवाज बारीक झाला, मग जवळजवळ थांबला. त्यांनी वळून पाहिलं.

बायाबापड्यांनी तळ्याला गराडा घातला होता आणि घागरी बुडत होत्या. तळ्यानं जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. ते आता कसं म्हणणार. चटईएवढं उरलं होतं बिचारं. सगळ्यात पुढं सोजरबाई, दोन्ही काखांत दोन घागरी.

समोर उताराच्या शेवटाला फीत दिसत होती. कुसाताई माघारी पळाल्या. कंडक्टरचा जुना आवाज काढून म्हणाल्या, "चला, एकेकानं पुढं या. घागर, बादली, तांब्या, सगळं इथंच ओतायचं. ढकलाढकली नको."

"अवो बाई, तुमचाच फायदा होतोय की," सोजरबाई म्हणाली.

"सोजर, ओत."

"डाळ शिजायची हाय माझी."

"ते डबकं झालं, तर मी परत एकटीच पहिली. मग बोलायला तूच पुढं. ओत म्हणते ना."

सोजरबाईनं ओतलं. तिनं ओतल्यावर बाकीच्यांची काय टाप. एकानं चूळ भरली होती, तेवढी परत घेतली नाही.

"आभारी आहे," तळं म्हणालं आणि उताराला लागलं.

उतारावर पाणी काय असतं, हे कुसाताईंना त्या दिवशी कळलं. त्या जिवाच्या आकांतानं पळाल्या. एकदा बरोबरीला आल्या, एकदा तर कोपरभर पुढं गेल्या. पण तळ्याच्या पुढच्या लाटेनं फीत तोडली.

सोजरबाई रिकाम्या घागरी घेऊन धापा टाकत पोचली.

"हरला व्हय?"

"हरले," कुसाताई म्हणाल्या. दम लागलेला, आणि हसू तर आवरत नव्हतं. "धरलंच होतं गं मी त्याला. बघितलंस का?"

"बघितलं." सोजरबाईनं पदरानं त्यांची पाठ पुसली. मग म्हणाली, "त्या गटात बसायला वय किती लागतं म्हणायचं?"

"पंचावन्न."

"ते झालंय माझं."

"पोहायला येतं का?" तळ्यानं विचारलं.

"न्हाई."

"मग उद्या सकाळी या," तळं म्हणालं. "मी कुठं जाणार?"