ओ द्यायला लागणारा वेळ

माझ्या धाकट्या जावेला तुम्ही हाक मारलीत, तर ती आधी ओ देते आणि मग विचारते, "माझं उत्तर लवकर आलं ना?" आणि तिनं मारलेल्या हाकेला तुम्ही ओ द्यायला रेंगाळलात, तर तेही सांगते. मी गोठ्यात शेण भरत असले तरी जिन्यावरून आवाज येतो, "ताई, आज तुमचं उत्तर फार उशिरा येऊन राहिलं." आमच्या ह्यांना तर तिनं 'अधूनमधून उपलब्ध' असा शेरा दिलाय. तो खरा आहे, म्हणूनच मला जास्त राग येतो. संसार मी करायचा आणि शेरा हिनं मारायचा.

केतकी अमरावतीची. दिराशी लग्न करून आमच्या गावात, रिह्यात आली ती दोन बॅगा आणि एक लॅपटॉप घेऊन. वरच्या खोलीत बसून ती नोड सांभाळते. मला कळलं तेवढं सांगते. ब्लॉकचेन म्हणजे एकच खतावणी, जगभरच्या असंख्य कॉम्प्युटरांवर सारखी लिहिलेली. त्या कॉम्प्युटरांना नोड म्हणायचं. कुणी काही विचारलं की नोडनं उत्तर द्यायचं. तो चालू आहे का, उत्तर द्यायला किती वेळ लावतो, हे दिवसभर बघत राहायचं आणि एखादा गप्प झाला की धावाधाव करायची, हे केतकीचं काम. नोडांना ती त्यांच्या गावांच्या नावानं ओळखते. जेवताना मध्येच म्हणते, "सिंगापूर आज सुस्त आहे." मग आत्या, म्हणजे आमच्या सासूबाई, घास हातात धरून विचारतात, "काल तर बरं व्हतं की."

माझी तब्येत अशी कुणी कधी विचारली नाही. मी लवळ्याला एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. पहाटे उठून डबे, मग स्कूटरवरून चढ, संध्याकाळी परत आले की भाकरी. आत्या मला काय म्हणतात? उकड कच्ची हाय. मीठ कुटं गेलं. आणि केतकीला वर चहा जातो, बशीनं झाकून. पोराटोरांना ताकीद असते, की काकीला हाका मारू नगा, तिची यंत्रं आजारी हायेत. माझाही ऑफिसातला कॉम्प्युटर दर आठवड्याला आजारी पडतो. त्याच्यापायी माझा चहा कुणी झाकला नाही.

यंदा भात झोडायच्या दिवशी मला वाटलं, आता हिचे लाड संपणार. खळ्यावरची सगळी माणसं जेवायला यायची होती. केतकी परातीसमोर बसली, दोन भाकरी फाडल्या, पुढची थापत होती तेवढ्यात तिचा मोबाइल केकाटायला लागला. "फ्रँकफर्ट गेलं," म्हणाली आणि पिठाच्या हातांनी जिना चढली. मी तिची परात पुढ्यात ओढली. मनातून मात्र खूश होते. आता आत्या चिडणार आणि मी नुसती ऐकणार. आत्यांनी एक ताट वाढलं, त्यावर दुसरं पालथं घातलं आणि मला म्हणाल्या, "हे वर दे. पोर उपाशी आसंल."

मी ताट घेऊन वर गेले ती आज बोलायचंच असं ठरवून. केतकी खुर्चीत बसली होती. समोर स्क्रीनवर सगळं हिरवंगार. फ्रँकफर्टचं विचारलं, तर ते केव्हाच सुरू झालं होतं. मग खाली का आली नाहीस, असं मी जरा जोरातच विचारलं. ती हातावरचं वाळलेलं पीठ नखानं खरवडत राहिली.

"मी खाली आली ना ताई, की आत्या मला बसायला पाट देतात," ती म्हणाली. "तुम्हाला काम सांगतात. तुमच्यावर रागावतात ते मला इथं ऐकू येते. माझ्यावर एकदाही रागावल्या नाहीत. पाहुणीवर कोण रागावते?"

ज्याला मी इतकी वर्षं जाच म्हणत आले, त्याचा कुणी हेवा करत वर बसलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. टेबलावर ठेवलेलं ताट मी परत उचललं. म्हटलं, "खाली चल. माझे हात दुखले. राहिलेल्या तू थाप."

ती आली. लॅपटॉप बगलेत मारून, पण आली. तिची भाकरी तव्यावर पडली ती तुकडे होऊनच. आत्यांना मी मुद्दामच म्हटलं, बघा तुमच्या सुनेचं काम. आत्या जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "आगं, ही काय भाकर हाय व्हय? पाणी लाव की हाताला. कुणी शिकिवलं तुला आसं?"

केतकी मान खाली घालून हसली. डोळे पुसायला गेली तर गालाला पीठ लागलं. त्यावरूनही आत्यांनी तिला झापलं. मग तिच्या मागं बसल्या, तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि भाकरी कशी फिरवायची ते दाखवायला लागल्या, तोंडाचा पट्टा चालूच ठेवून.

मी ताटं वाढत होते आणि माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. मला शिकवताना आत्यांनी कधी हात धरला नव्हता.