शेटेबाईंची पंगत

शेटेबाई हजेरी शेवटून घ्यायच्या. वर्गातला शेवटचा नंबर आधी, पहिला नंबर सगळ्यांच्या मागून. वह्या तपासायला घेतल्या तरी ढिगाच्या तळातली वही आधी. कारण विचारलं की एकच उत्तर, "पुढच्यांचं काय, कोण बी बघतंय की हो." पहिल्या नंबराची पोरं आपलं नाव येईपर्यंत पेंगायला लागायची. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो आणि भिंतीपलीकडून ती उलटी हजेरी ऐकता ऐकता माझाच पाढा चुकायचा.

कोल्हापूरजवळच्या कसबा बावड्यातली आमची शाळा, आणि हे सगळं नव्वदच्या दशकातलं. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड्यांची पोरं आमच्याकडं यायची आणि हंगाम संपला की जायची. चार महिन्यांच्या पाहुण्यांना कोण शिकवतंय? त्यांना दाराजवळ पोत्यावर बसवायची पद्धतच पडली होती. ती कुणी मुद्दाम पाडली नव्हती आणि कुणी मोडतही नव्हतं. ही पोरं थोडे दिवस निमूट बसायची आणि मग यायचीच बंद व्हायची. असं झालं की शेटेबाई मधल्या सुट्टीत फाटकाशी उभ्या राहून कारखान्याच्या रस्त्याकडं बघत बसायच्या. इकडं चहा गार व्हायचा. हाक मारली तर म्हणायच्या, "येईल हो, येईल." कोण येणार, ते मात्र सांगायच्या नाहीत.

यातूनच त्यांच्या डोक्यात शिबिराचं खूळ शिरलं. पोरांना सारखं कसं वागवावं, हे मास्तरांना शिकवणारं शिबिर. पुण्याहून जाणकार बोलवायचे आणि त्यांच्या खर्चासाठी वर्गणी गोळा करायची. "पोरांस्नी शिकवाय मास्तर हाईत, मास्तरांस्नी कोण शिकवणार?" असं त्या म्हणायच्या, आणि तेही शिक्षकांच्या खोलीत बसून. आता अशा बाईला कोण चहाला बोलावणार?

रविवारी माझ्या स्कूटरवर मागं बसून त्या वर्गणी मागत फिरायच्या. आमच्या गावात देणाऱ्यांची वाण नाही. कुणी पंखा देतो, कुणी फाटक देतो. फक्त देणाऱ्याचं नाव रंगवायला जागा पाहिजे. गुळाचे एक व्यापारी म्हणाले, "बाई, पाण्याची टाकी मागा, देतो. शिबिराला माझं नाव कुठं घालू?"

"मास्तरांच्या पाठीवर घाला की."

व्यापारी पोट धरून हसले, पण हात काही खिशाकडं गेला नाही. पुढं बाईंच्या फेऱ्यांना कंटाळून म्हणाले, "पैसं न्हाईत. पर सगळ्या मास्तरांस्नी एक दिवस मटणाचं जेवण घालतो. बघा, चालतंय का."

बाई लिंगायत. अंड्याचा वाससुद्धा घरात शिरू न देणाऱ्या. मला वाटलं, आता ताडकन उठतील. त्या म्हणाल्या, "चालतंय."

परतताना मी त्यांना रस्ताभर सुनावलं. "बाई, शिबिर मागायला गेलात आणि रस्सा घेऊन आलात." आमच्याकडच्या बायका बोलतात तसं बाई स्वतःबद्दल पुरुषी थाटातच बोलायच्या. म्हणाल्या, "बघतो मी काय करायचं ते. तुम्ही गाडी चालवा."

जेवणाला एक मास्तर गैरहजर असेल तर शपथ. शाळेच्या हॉलमध्ये पंगत बसली. जागा बाईंनीच नेमून दिल्या. मुख्याध्यापक वरच्या अंगाला. चौथीचे माने सर, तालमीत वाढलेला आडदांड माणूस, त्यांना बसवलं दाराजवळ, आणि त्यांच्या शेजारी मला. नाकाला पदर लावून बाई स्वतः वाढायला उठल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढून सुरुवात केली. वरच्या ताटांत पीस पडले, परत आग्रहानं पडले. मधल्यांना एकेक मिळाला. आमच्या वाट्यांत नुसता रस्सा. मी तवंगाखाली बोटानं चाचपून बघितलं, काही लागलं नाही.

आमच्याकडचा माणूस एकवेळ शिवी पचवेल, पण शेजाऱ्याच्या ताटात पीस आणि आपल्या ताटात रस्सा हे त्याला पचत नाही. माने सरांची कानशिलं तापली.

"बाई, आमच्या वाटीत काय न्हाय."

"पुढच्यांस्नी दिलंय की सर. सगळ्यांस्नी कुठनं पुरणार?"

"मग आम्ही काय पाप केलंय?"

"काय न्हाय," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही दाराजवळ बसलाय, एवढंच."

वरच्या अंगाच्यांचे हातसुद्धा ताटातच थांबले. माने सर मान खाली घालून बसले. बाईंनी आतून दुसरं पातेलं आणलं, माने सरांपासून वाढायला सुरुवात केली आणि म्हणाल्या, "झालं शिबिर. जेवा आता पोटभर." भाषण नाही, आभार नाहीत. मटण मात्र झकास झालं होतं.

सोमवारी चौथीच्या वर्गासमोरून जाताना बाई एकदम थबकल्या. आत माने सरांनी पोती उचलून बाजूला टाकली होती आणि ऊसतोड्यांच्या पोरांना पहिल्या रांगेत सरकवून बसवत होते. एका पोरीला त्यांनी नाव विचारलं. ती पुटपुटली. "मोठ्यानं सांग की, भितीस कशाला?" सर म्हणाले. पोरीनं मोठ्यानं नाव सांगितलं.

मी खुशीत बाईंकडं वळलो, तर त्यांचे डोळे भरून आलेले.

"लहानपणी मी इचलकरंजीजवळ कबनूरला शाळेत हुतो, तवा माझ्या वर्गात शेवंता हुती," त्या म्हणाल्या. "तिचा बाप यंत्रमागावर कामाला. आमच्या गुरुजींनी तिला कायम दाराजवळ बसवली. आमची अव्वा, म्हंजे आई बी तिला पाणी वरनंच ओतायची. मी मागं जाऊन तिच्यापाशी बसलो की गुरुजी मला उठवून पुढं आणायचे. एक दिवस ती आलीच न्हाय. अजून इचलकरंजीच्या स्टँडवर उतरलो की मी बायकांची तोंडं बघत बसतो. एसटी निघून जाती, तरी बसतो."

"भेटेल की बाई कधीतरी," मी म्हणालो.

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि आत बघत राहिल्या.

"आमच्या गुरुजींस्नी कुणीतरी एकदा असं जेवाय घालाय पायजे हुतं वो," त्या म्हणाल्या. "माझी शेवंता गेली नसती."