रास अल खैर शाखेचे अध्यक्ष

दर शुक्रवारी चार वाजता ओबिन्ना टाय लावून स्वतःच्याच खोलीचं दार बाहेरून ठोठावतो. "अध्यक्षानं सभेला यायचं असतं," तो म्हणतो, "आधीपासून पलंगावर पडून राहायचं नसतं."

सौदीतल्या रास अल खैरच्या कामगार कॅम्पमध्ये तो माझा शेजारी. वेल्डिंग इन्स्पेक्टर, नायजेरियातला इग्बो. त्याच्या गावकऱ्यांची संघटना देशोदेशी आहे. आमच्या कॅम्पातली शाखा तीन जणांची: ओबिन्ना अध्यक्ष, दुसरा चिटणीस, तिसरा विरोधी पक्ष. शेजारधर्म म्हणून मी निरीक्षक. आपल्या मंडळांत शंभर माणसं असूनही इतक्या शिस्तीत भांडण होत नाही.

आधी कोला. ही गावाकडून येणारी कडूजहर बी. मान आपल्या पानसुपारीचा. ती हातात धरून ओबिन्ना पूर्वजांना विनवतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "इसे!" म्हणतात, म्हणजे तथास्तु. एकदा मी म्हटलं, "इंग्रजीत म्हण की, मलाही कळेल."

"पाटील, कोलाला इंग्रजी येत नाही. त्याला फक्त इग्बो समजते."

मी तुकडा चघळला.

यंदा विरोधी पक्षाची बदली झाली. पाठोपाठ चिटणीस नोकरी संपवून कायमचा मायदेशी गेला. सभेला किमान दोन सभासद हवेत. लागोपाठ तीन सभा बुडाल्या की शाखा खलास. दोन बुडाल्या. "होऊ दे बंद," ओबिन्ना म्हणाला, "नाहीतरी कटकटच होती."

तिसऱ्या शुक्रवारी चारला टकटक ऐकू आली. बाहेर येऊन बघतो तर हा टाय लावून आपल्याच रिकाम्या खोलीच्या दाराशी थांबलेला. मी त्याच्यासोबत आत गेलो.

उरलेला एकच कोला त्यानं हातात धरला. पहिलं वाक्य म्हणाला आणि सवयीनं थांबला. समोर दोन रिकाम्या खुर्च्या. मला बघवेना.

"इसे," मी म्हणालो.

"निरीक्षकाला बोलायचा अधिकार नाही."

"मग सभासद करून घे."

"घटनेत बसत नाही."

"घटना बदल."

ठराव एकमतानं मंजूर झाला. ओबिन्नानं डोळे पुसले. ते मी पाहिलं नाही, असंही ठरलं. मग त्यानं प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. शेवटी कोला फोडून मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि वृत्तांताची वही उघडली.

"उपस्थिती दोन," त्यानं लिहिलं. जरा थांबून पुढे लिहिलं, "कोलाला समजलं."