आयांचा हस्तक्षेप

दोन हजार चोवीस सालच्या डिसेंबरातली गोष्ट. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या मराठी मंडळाच्या निवडणुकीत अरुंधतीबाई एका मताने अध्यक्ष म्हणून निवडून आल्या. चौदा विरुद्ध तेरा. एक्याऐंशी साली लग्न होऊन त्या या गावात आल्या, तेव्हा मंडळात मोजून चार घरं होती. तेव्हापासून दर गणपतीत त्या हॉलच्या स्वयंपाकघरात असत आणि भाषण दुसरंच कुणी करत असे. सत्तरीत त्यांची एकच हौस उरली होती, एकदा तरी मंचावरून चार शब्द बोलायची.

रविवारी निकाल लागला. शुक्रवारी बातमी आली, की रोमानियाच्या न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली. दुसरी फेरी दोन दिवसांवर आली होती, पण बाहेरच्यांनी ढवळाढवळ केल्याचा संशय होता.

शनिवारी सकाळी हरलेला उमेदवार, जवळच्या वाल्डॉर्फमधल्या सॉफ्टवेअर कंपनीतला शिरीष, टाइप केलेला कागद घेऊन दारात उभा. तक्रार घ्यायची ती श्रीनाथरावांनी, म्हणजे अरुंधतीबाईंच्या यजमानांनी. मंडळ सरकारदरबारी नोंदलेलं. त्याची नियमावली त्यांनीच लिहिली होती आणि लवादही तेच होते. पस्तीस वर्षांत एकही तक्रार आली नव्हती. लवाद म्हणून ते कधी मतही देत नसत.

"काका, बाहेरच्या देशाचा हस्तक्षेप झालाय."

"कुठल्या?"

"भारताच्या."

श्रीनाथरावांनी चष्मा लावला.

झालं होतं असं. उन्हाळ्यात भारतातून इथल्या आपल्या मुलांकडे ज्या ज्या आया येत, त्यांना अरुंधतीबाई घरी बोलावून जेवू घालत. त्या आयांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि त्यात अरुंधतीबाईंची सांगलीची धाकटी बहीण सुधाही होती. तिने एकच मेसेज टाकला, 'माझी ताई उभी आहे. मुलांना सांगा.' आयांनी सांगितलं.

"आपल्या मंडळातल्या वेदच्या आईनं तर मतपत्रिकेचा फोटो मागितला, काका!"

"अहो," अरुंधतीबाई आतून म्हणाल्या, "आईनं मुलाला फोन करायचा नाही का आता?"

"करावा, पण नियम सात," श्रीनाथराव म्हणाले. " सभासद नसलेल्याने प्रचार करू नये. उद्या अकराला सुनावणी."

रविवारी सुनावणी जेवणाच्या टेबलावर झाली. श्रीनाथराव टाय लावून बसले. अरुंधतीबाईंनी चहा आणला.

"सुनावणीत चहा नको."

"शिरीषनं घेतलासुद्धा," त्या म्हणाल्या.

श्रीनाथरावांनी घसा साफ केला. "अर्जदार, तुमच्या आईंनी कुणाला मत द्यायला सांगितलं?"

"काकूंना."

"आणि तुम्ही कुणाला दिलंत?"

शिरीषने कपात पाहिलं. "काकूंनाच."

"अरे, तू स्वतः उभा होतास ना!"

"आई म्हणाली, काकूंनी मला तापात पेज करून दिली होती, तू काय दिलंस? शपथच घातली तिनं."

"म्हणजे तू स्वतःला मत दिलं असतंस तर..."

"मी आलो असतो, काका. गेनाऊ, अगदी एका मतानं."

श्रीनाथरावांनी बराच वेळ कागदावर आपल्या बारीक, सरळ अक्षरात काहीतरी लिहिलं. मग उभं राहून वाचलं. बाहेरच्या हस्तक्षेपाने निकाल फिरल्याचं सिद्ध झालं, सबब निवडणूक रद्द.

शिरीष गेल्यावर अरुंधतीबाईंनी कप विसळले. "अहो, त्रेचाळीस वर्षांत एकदा तरी माझ्या बाजूनं बोलायचं होतं."

"लवादाला बाजू नसते, अगं."

"बायको असते ना?"

त्यावर नियमावलीत काही नव्हतं. त्या दिवशी श्रीनाथरावांनी आपली भाजी आपणच वाढून घेतली.

जानेवारीत फेरमतदान झालं. आयांना सक्त मनाई होती. शिरीषने या वेळी स्वतःला मत दिलं आणि तो चौदा विरुद्ध तेरा असा निवडून आला. सुधा फोनवर रडली. "ताई, मी एकच मेसेज केला गं!"

एप्रिलमध्ये शिरीषला हॅम्बर्गला नोकरी लागली आणि तो गेला. अध्यक्ष गाव सोडून गेला, तर खालोखाल मतं मिळालेल्याने ती जागा घ्यावी, असा नियम होता. अरुंधतीबाई अध्यक्ष झाल्या. कुणी मत दिलं नाही, कुणाच्या आईचा फोन आला नाही. गणपतीत त्या सहा मिनिटं बोलल्या. पहिल्या चार घरांपैकी कोण कुठे गेलं, कोण गेलंच, ते त्यांनी सांगितलं. चहा श्रीनाथरावांनी केला. दुसरा कप कुणी मागितला नाही.

सुधाने आयांचा ग्रुप सोडला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला परत ओढून घेतलं. शिरीष हॅम्बर्गच्या मंडळात रमला, पण त्याची आई त्या उन्हाळ्यात आली ती आधी अरुंधतीबाईंकडे चार दिवस राहिली. श्रीनाथरावांनी वर्षअखेरीस लवादपद सोडलं. "आता मला मत द्यायचंय," ते म्हणाले. पण अरुंधतीबाई पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत. एक भाषण पुरे, म्हणाल्या.

डिसेंबरात देवश्री नावाची तरुण मुलगी अध्यक्ष झाली. मोजणी अरुंधतीबाईंनीच केली. एक मत बाद निघालं. छापलेल्या नावांपुढे खूण नव्हती. खाली ओळखीच्या बारीक, सरळ अक्षरात तिसरंच नाव लिहिलेलं होतं. अरुंधतीबाईंनी ते नियमाप्रमाणे बाद म्हणून नोंदवलं आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून कागद पर्समध्ये टाकला.